पट्टी तुटून राहिली

जाम नदीच्या पुलावर ताई पडली तेव्हा दिवस चांगला वर आला होता, रस्ता कोरडा होता, पायाखाली दगड नव्हता की खड्डा नव्हता, आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर चालत होते. खडू मोडल्यासारखा बारीक आवाज झाला. मी बाजूला पाहिलं तर ताई नव्हती. ती खाली होती, हनुवटीवर आपटलेली, आणि तिच्या पिशवीतल्या मुलांच्या वह्या पुलभर पसरल्या होत्या. समोरून येणारा एक सायकलवाला ओरडला, "गोटा लागला का बाईले?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांची माणसं एकमेकांना गोटे, म्हणजे दगड, मारतात, ती गोटमार होऊन कितीतरी दिवस झाले होते, पण आमचं पांढुर्णा आणि पलीकडचं सावरगाव यांच्या मधल्या त्या नदीवर माणूस गोट्याशिवाय पडतो हे कोणालाच पटण्यासारखं नव्हतं. मलाही पटलं नाही. हिला ढकललं कोणी, म्हणून मी रागानं इकडेतिकडे पाहत राहिले.

ढकललं कोणीच नव्हतं. तिच्या पायाची पट्टी मोडली होती.

लहानपणच्या पोलिओनंतर ताईच्या डाव्या पायात जोर राहिला नव्हता. मांडीपासून बुटापर्यंत दोन्ही बाजूंनी दोन चपट्या धातूच्या पट्ट्या, त्यांना जोडणारे चामड्याचे पट्टे आणि गुडघ्यापाशी एक खटका, असं ते साधन होतं. बसताना खटका वर ओढायचा, उभं राहिलं की तो खाली पडून पाय ताठ धरायचा. दवाखान्यात त्याला कॅलिपर म्हणत. आमच्या घरात त्या सगळ्या खटाटोपाला नुसतं 'पट्टी' म्हणायचे. ती नागपूरच्या सरकारी दवाखान्यात बनायची, आणि ताई वाढत्या वयाची होती तोवर दर थोड्या दिवसांनी नवी मिळायची, म्हणून तिच्या तुटण्याचा विचार करायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती. शेवटची पट्टी हलक्या धातूची होती. "अॅल्युमिनियम आहे, त्यात थोडं मॅग्नेशियम," असं तिथल्या माणसानं सांगितलं होतं. मी तेव्हा अकरावीत विज्ञान शिकत होते आणि मॅग्नेशियमची फीत पेटते कशी हे आम्हाला नुकतंच दाखवलं होतं. ताईचा पाय कधीही पेटू शकतो, असं मी घरी येऊन जाहीर केलं. माय लाटणं घेऊन माझ्या मागे धावली.

त्याच वर्षी ताईला सावरगावच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून नेमणूक मिळाली. आमच्या बौद्ध वस्तीत नगरपालिकेत कामाला असलेली माणसं बरीच होती, बाबाही त्यातलेच, पण शाळेत शिकवणारी बाई ही पहिलीच. मॅट्रिक झाल्यावर कितीतरी वर्षं ताईनं घरात बसून दुसऱ्यांची परकर-पोलकी शिवली होती. मशीनसुद्धा एका पायानंच चालवायची. येणारी प्रत्येक बाई "बिचारी" म्हणून जायची आणि तो शब्द ऐकला की माझं डोकं भडकायचं. आता ती बिचारी राहणार नव्हती. फक्त शाळेच्या मुख्य गुरुजींनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. रोज, वेळेवर, आपल्या पायानं येता आलं पाहिजे. वर्षभर पाहू, मग पक्कं करू. पूल ओलांडून रोज जायचं आणि रोज यायचं, एवढ्यावर तिचं सगळं लटकलेलं होतं.

नेमणुकीच्या कामासाठी आम्ही दोघी बाबांबरोबर सौंसरला गेलो होतो तेव्हाच पहिला घोटाळा झाला. बसमधून उतरताना पट्टीचं खालचं टोक पायरीच्या फटीत अडकलं, मागून माणसांचा लोंढा आला, आणि घोट्याच्या वर पट्टी वाकून चिरली. नागपूरहून नवी यायची तर काही महिने लागले असते. शाळा तर चार दिवसांवर आली होती. बसस्टँडजवळच एक वेल्डिंगचं दुकान होतं. लोधीखेडा, मोहगाव, तिकडच्या सगळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तिथंच येत. मिस्तरीनं पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"हा धातू लई चालू असते," तो म्हणाला. "लोखंड कसं, लाल होऊन सांगते. हा सांगत नाही. एकदम पाणी होऊन जाते."

मी त्याला मॅग्नेशियमबद्दल सावध केलं आणि स्वतः रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. तो हसला, गॅसची बत्ती पेटवली आणि फार जपून जोड मारला. मग त्याचं मन भरेना म्हणून त्यावर आणखी एक थर चढवला. जोडाच्या जागी बोराएवढी गाठ झाली.

"हत्ती उभा करा आता याच्यावर," तो बाबांना म्हणाला. "गारंटी माझी."

हत्ती मिळाला नाही, पण आमच्या गल्लीत एक मामा होते. नात्यानं कोणाचेच मामा नव्हते, पण संत्र्याच्या हंगामात ट्रकमध्ये पेट्या चढवायचे आणि अंगानं असे की दारातून आडवे होऊन आत यायचे. आमच्याकडे नवी खाट विणली की आधी मामांना बसवायचे. शिडी केली की मामांना चढवायचे. मामा चढले आणि वस्तू टिकली, म्हणजे ती पास. बाबांनी दोन विटांवर पट्टी आडवी ठेवली. मामा चपला काढून, जणू विहारात पाऊल टाकतायत अशा भक्तीनं, तिच्यावर उभे राहिले. पट्टीनं हूं की चूं केलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मायनं सगळ्यांना चहा दिला, आणि ताई शाळेत रुजू झाली.

सुरुवातीचे दिवस मी विसरूच शकत नाही, इतकी ती खूश होती. आमचं राज्य हिंदीचं, म्हणून शाळा हिंदी माध्यमाची, पण पोरं घरी आमच्यासारखीच मराठी बोलणारी. ती पुस्तकातलं हिंदीत वाचून दाखवायची आणि समजवायची आपल्या भाषेत. संध्याकाळी घरी आली की पायाचे पट्टे सोडता सोडता एकेका पोराची नक्कल करायची. मांडीला वळ उठलेले असायचे. माय त्यावर तेल लावायची आणि ताईचं बोलणं काही थांबायचं नाही.

मग एका संध्याकाळी ती बोलता बोलता थांबली. घोट्यापाशी हात ठेवून म्हणाली, "बाबा, पट्टी तुटून राहिली."

आमच्याकडे 'करून राहिलो' म्हणजे करतो आहे, 'येऊन राहिली' म्हणजे येते आहे. पुण्यामुंबईकडचा माणूस हसतो, हसो बापडा. तर ताई सांगत होती की पट्टी तुटते आहे. तुटली नाही, तुटायची आहे असंही नाही. आत्ता, या घडीला, तुटण्याचं काम चालू आहे.

बाबांनी कंदील जवळ घेऊन पट्टी पाहिली. बोट फिरवलं. नख फिरवलं. गाठ जशीच्या तशी होती, चीर कुठंच नव्हती.

"कुठं तुटली वं?"

"तुटली नाही बाबा. तुटून राहिली. पाऊल टाकलं का आत काहीतरी खातं."

"धातू का पापड आहे, हळूहळू तुटाले? तुटला तं तुटला, नाही तं नाही."

दुसऱ्या दिवशी मामांना पुन्हा बोलावलं. या वेळी ते खांद्यावर सरकीचं पोतं घेऊन उभे राहिले. पट्टी जागची हलली नाही. मामा ताईला प्रेमानंच म्हणाले, "पोरी, मन कच्चं नको करू. मी पोत्यासंगं उभा राहिलो, तरी काही झालं नाही."

"तुम्ही उभे राहिले मामा," ताई म्हणाली. "मी चालून राहिली."

सगळे हसले. मीही हसले, कारण मला ते उत्तर म्हणजे ताईची टवाळी वाटली. आज वाटतं, त्या घरात धातूबद्दल खरं असं एवढं एकच वाक्य त्या दिवशी बोललं गेलं होतं.

ती रोजच म्हणू लागली तेव्हा बाबांनाही चैन पडेना. नगरपालिकेच्या कामानं ते नागपूरला गेले तेव्हा दवाखान्यात पट्ट्या बनवणाऱ्या साहेबांना भेटून आले. हे साहेब नुकतेच तिकडून, साताऱ्याच्या बाजूनं बदलून आले होते. दोघांचं बोलणं काय झालं ते बाबांनी घरी आल्यावर जसंच्या तसं सांगितलं.

बाबा म्हणाले, "साहेब, पोरगी म्हणते पट्टी तुटून राहिली."

साहेब म्हणाले, "तुटून राहिली? मग चालते कशी?"

"चालते ना साहेब. रोज शाळेत जाते."

"अहो, तुटून राहिली असेल तर चालता येणार नाही. चालता येत असेल तर ती तुटलेली नाही. दोन्हींतलं एक काय ते सांगा."

साहेबांच्या मराठीत 'तुटून राहिली' म्हणजे तुटली आणि तशीच पडून राहिली. बिचारे बरोबरच बोलत होते. आणि बाबांनी त्यातलं जे हवं होतं ते उचललं. चालता येत असेल तर तुटलेली नाही. मोठ्या दवाखान्यातल्या साहेबांनीच सांगितलं म्हटल्यावर प्रश्न मिटला. नव्या पट्टीसाठी नंबर तेवढा लावून आले. ताईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी मला म्हणाली, "तू मले पुलावरून पोचवून देत जा." माझं कॉलेज उशिरा असायचं, मी हो म्हटलं. ती पुलाच्या कठड्याला हात लावत लावत चालायची. पाणी पाहायला आवडतं तिला, असं मला वाटायचं.

पुढचं मी सांगितलंच आहे. खडू मोडल्यासारखा आवाज आला तेव्हा तिचा हात कठड्यावर नव्हता, समोरून बैलगाडी कठड्याला लागून आली म्हणून ती क्षणभर रस्त्याच्या मध्याकडे सरकली होती.

हनुवटीतून रक्त गळत होतं आणि मी मूर्खासारखी वह्या गोळा करत होते. सायकलवाल्यानं आणि गाडीवानानं मिळून तिला गाडीत बसवलं. मोडलेली पट्टी माझ्या हातात आली तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट पाहिली. मिस्तरीचा जोड शाबूत होता. पट्टी मोडली होती त्या गाठीला अगदी लागून, जिथं मूळ धातू सुरू होतो तिथं. आणि मोडलेलं तोंड एकसारखं नव्हतं. बहुतेक सगळा भाग काळपट, गुळगुळीत, आणि त्यावर पाणी ओसरताना वाळूवर राहतात तशा बारीक वाकड्या रेघा. कडेला फक्त नखाएवढा तुकडा चकचकीत, खरबरीत, ताजा. तो तेवढा आज मोडला होता. बाकीचा केव्हाचाच मोडून मळला होता. त्या नखाएवढ्या धातूवर माझी बहीण शाळेत जात होती, येत होती आणि रोज सांगत होती. मला आठवतं, मी तो तुकडा ताईला दाखवला नाही, पदराखाली धरला.

हनुवटीला टाके पडले. बाबा दवाखान्यात भिंतीला टेकून उभे होते. मी तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात नेऊन पाहिला, त्या रेघांवरून नख फिरवलं. मला वाटलं आता रडतील. पण ते फक्त एवढंच म्हणाले, "शाळा बंद. मी उद्या गुरुजींले सांगून येतो."

ताई पट्टीशिवाय खाटेवर बसली होती. तिला बोलताना दुखत होतं. तरी म्हणाली, "गुरुजींले नका सांगू. सुट्टी सांगा."

"कायची सुट्टी? मरून गेली असती आज! खाली पाणी होतं, गाडी होती!"

बाबा ताईवर असे कधी ओरडले नव्हते. माय त्यांच्याकडे पाहतच राहिली. दवाखान्यातली माणसं वळून पाहू लागली तेव्हा बाबा बाहेर निघून गेले.

सकाळी ते गुरुजींकडे न जाता आधी सौंसरला गेले, मला घेऊन. मिस्तरीला जाब विचारायचा होता. मी वाटेत भांडणाचे चांगले चांगले शब्द जुळवून ठेवले होते. मिस्तरीनं दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला.

"भाऊ, हे पाहा! माझं वेल्डिंग हाललंबी नाही. तुमचा धातू तुटला."

जुळवलेला एकही शब्द आठवेना. संताप असा की त्याची बत्ती त्याच्याच दुकानावर धरावी. पण तो खोटं बोलत नव्हता, हे समोर दिसत होतं. त्याला खरंच अभिमान वाटत होता. "आणखी जाड गाठ मारून देतो," तो म्हणाला, "बाजूलेबी घेतो." बाबांनी तुकडे फडक्यात बांधले. त्यांनी भांडण केलं नाही. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "नागपूरले जाऊ. अशी बनवून घेऊ का जन्मात तुटली नाही पाह्यजे. नाही तं घरीच बसू दे."

नागपूरला दवाखान्यात साहेबांनी तुकडा पाहिला आणि ते खुर्चीत सरळ झाले.

"तुम्ही मागे आला होता तेव्हा हे चालू होतं?"

"हो," बाबा म्हणाले. "तुटून राहिली होती."

साहेबांनी बाबांकडे पाहिलं. आता त्यांना ते दोन शब्द कळले असावेत, कारण त्यांनी समोरची खुर्ची बाबांकडे सरकवली. मग हळू आवाजात सांगू लागले. एकदाच मोठं वजन पडलं तर धातू सहन करतो. पण छोटं वजन पुन्हा पुन्हा पडलं, पाऊल टाकलं, उचललं, टाकलं, की तो थकतो. जिथं जोड मारला, आच लागली, तिथं लागूनच तो मऊ पडलेला असतो, आणि गाठ चढवली की तिच्या काठावर सगळा ताण जमतो. तिथून चीर सुरू होते. आधी केसाहून बारीक. वजन ठेवून पाहिलं तर कळत नाही.

"धातू थकते?" बाबांनी विचारलं. त्यांना धक्काच बसला होता. "मंग रात्रभर काढून ठेवत होतो ना साहेब. आराम होत नाही का त्याले?"

"नाही. माणूस थकला तर झोपून ताजा होतो. धातू थकला की थकला."

"मंग न थकणारी बनवा. जाड लोखंडाची बनवा."

"बनवीन. पण मग तो पाय त्या मुलीला उचलवणार नाही."

"मंग मी तिले घरीच बसवतो," बाबा म्हणाले. "साहेब, ते पडली ना, मी पाहिलं नाही, या पोरीनं पाहिलं. पण मले डोळे मिटले का तेच दिसते."

साहेब उठले. कोपऱ्यात एक लाकडी पेटी होती, तिचं झाकण त्यांनी उघडलं. आत जुन्या पट्ट्या होत्या, परत आलेल्या. काहींचे तुकडे झालेले, काहींचे बूट झिजून भोकं पडलेली, चामडं काळं कुळकुळीत. आणि तळाशी काही अगदी नव्या. चकचकीत धातू, पट्ट्यांचं चामडं अजून पिवळं, बुटांच्या तळव्याला मातीसुद्धा नाही. बाबांनी त्यातली एक उचलली. कोणा मोठ्या बाईच्या मापाची होती. त्यांनी ती वाकवून पाहिली, खटका वरखाली करून पाहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर जरा आशा दिसली.

"हे पाहा साहेब. हे कशी राहिली? किती वर्षांची आहे?"

"बरीच जुनी आहे," साहेब म्हणाले. "तिच्या घरच्यांनी तिला बाहेर जाऊच दिलं नाही. वारल्यावर भावानं आणून दिली."

बाबांनी पट्टी हातातून खाली ठेवली नाही आणि धरलीही नाही, ती तशीच तळहातांवर आडवी राहिली. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. पेटीतल्या त्या नव्याकोऱ्या बुटांकडेही पाहवत नव्हतं. मला ताईची फार आठवण येत होती, जशी काही ती घरी नव्हतीच. बाहेर कोणीतरी लहान मूल नवी पट्टी बांधून चालायला शिकत होतं, त्याच्या पावलांचा आवाज येत होता.

मग बाबांनी ती पट्टी पेटीत, सगळ्यात वर, मोडक्या पट्ट्यांवर ठेवली आणि झाकण लावलं.

"साहेब," ते म्हणाले, "दोन बनवा. एक मोडंल तं दुसरी पाह्यजे. तिले रोज शाळा आहे."